गोफणवीर पुन्हा नापास

"नापास," आबा म्हणाले आणि त्यांनी टॅब हर्षलला परत दिला.

मग मांडीवरच्या परातीतली वाटाण्याची पुढची शेंग उचलली, अंगठ्याने दाबून फोडली आणि दाणे पातेल्यात सोडले. कुणी वेळ विचारावी आणि त्यांनी घड्याळ बघून सांगावी, तितक्या सहज.

दिवाळीपासून ही तिसरी खेप. पिठाने भरलेले हात अंगापासून लांब धरून प्रतिभा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आपला मुलगा आता काय करतो ते तिला पाहायचं होतं. हर्षलने टॅब सोफ्यावर उपडा ठेवला, चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. लहानपणी गणित चुकलं की तो हेच करायचा, आणि मग रडायचा. आता सत्तावीस वर्षांचा घोडा झाल्यामुळे रडायची सोय राहिली नव्हती.

"आबा, काय चुकलंय तेवढं तरी सांगा."

"नीट बघा."

"इतके दिवस नीटच बघतोय!"

"मग पुन्हा बघा," आबा म्हणाले. आणखी एक शेंग.

आबांची, म्हणजे सावळीराम गुरुजींची, ही पद्धत हरसूलच्या आसपास अजून लोकांच्या लक्षात होती. चित्रकलेच्या तासाला ते फळ्यावर एक चित्र काढायचे आणि त्यात मुद्दाम एक चूक सोडायचे. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात काढायचे, नाहीतर चुलीचा धूर वाऱ्याच्या उलट न्यायचे. मग खडू ठेवून खुर्चीत बसायचे. चूक वर्गाने शोधायची. तास संपला तरी गुरुजी उत्तर सांगत नसत. पोरं घरी जाऊन गाईच्या तोंडात बघून येत आणि दुसऱ्या दिवशी धावत वर्गात शिरत. शाळेत ते फार छान होतं. घरात, रविवारच्या दुपारी, भाकरी तव्यावर आणि माणसं भुकेली असताना, ते मुळीच छान नव्हतं. प्रतिभा स्वतः नववी-दहावीला गणित शिकवायची. मुलांना विचार करायला लावायचं असतं हे तिला कुणी सांगायला नको होतं. पण केव्हातरी फळ्यावर उत्तर लिहून टाकायचं असतं, हेही तिला कळत होतं.

आणि आज तर वेळच नव्हता. पुण्याच्या प्रकाशकांना आबांच्या जुन्या चित्रकथांतल्या गोफणवीराचं नवं रूप संध्याकाळपर्यंत हवं होतं, आबांच्या होकारासकट. होकार नसेल तर ते दुसरा कुठला तरी नायक घेणार होते, दुसऱ्या कुणाचा तरी. या एका गोष्टीसाठी हर्षलने बेंगळुरूची नोकरी सोडली होती. "आजोबांचा हिरो माझ्या हातून पुन्हा उभा राहिला पाहिजे," असं तो त्या वेळी म्हणाला होता आणि प्रतिभाने फोनवर डोळे पुसले होते. आता तिला स्वतःचाच राग येत होता. तेव्हाच म्हणायला हवं होतं, बाबा रे, तुझे आजोबा तुला कळलेत का आधी?

"मी म्हणत नव्हतो?" सतरंजीवर लोडाला टेकलेला दीपक म्हणाला. धाकटा दीर. मखमलाबादच्या या मळ्यातली फुलशेती तोच बघायचा आणि घरातल्या प्रत्येक भांडणात सकाळी एका बाजूला, दुपारी दुसऱ्या बाजूला असायचा. "बूट! गोफणवीराच्या पायात पांढरे बूट! अरे, तो बांधावरून पळायचा. हे असले बूट घालून पळ म्हणावं, पहिल्याच पाटात पालथा."

"काका, तुम्ही स्वतः बूट घालूनच झेंडूत जाता."

"मी काय गोफणवीर हाय का?"

"मागच्या वेळी तुमचं ऐकून धोतर नेसवलं होतं. तेव्हाही नापासच झालो."

"धोतर तू नेसवलंस, पण गुंडाळलं कसं? लय ढगळ. गारुडी दिसत होता."

सोफ्याच्या हातावर बसलेली वेदिका, दीपकची थोरली, वैतागून उठली. चित्रं हर्षलची आणि गोष्ट तिची, असं ठरलं होतं. "तुम्ही दोघं अजून कपड्यांतच अडकलाय. खरा प्रश्न वेगळाच आहे. गोफणवीर मुलगाच का? आजच्या मुलींनी काय करायचं, टाळ्या वाजवायच्या?"

"वेदू, आत्ता नको," हर्षल म्हणाला.

"कधी मग? छापून आल्यावर?"

"आधी मुलगा तरी पास होऊ दे!"

"मला तर तो पिझ्झा घेऊन येणाऱ्या दादासारखा वाटतो," आरोही म्हणाली. वेदिकाची धाकटी बहीण, पाचवीतली. ज्या नव्या पिढीसाठी हा सगळा खटाटोप चालला होता ती पिढी घरात एवढीच होती आणि ती पोटावर झोपून मोबाइल बघत होती. "तोंडाला रुमाल, पाठीवर पिशवी."

"ती दगडांची पिशवी आहे, आरू."

"मग तर तो अजून उशिरा येईल."

दीपक मांड्यांवर थापा मारून हसला. हर्षल हसला नाही. प्रतिभा आत वळली, कारण भाकरी जळल्याचा वास आला होता. घरातल्या पाच मोठ्या माणसांपैकी कुणाच्याही नाकाला तो जाणवला नव्हता. जाऊबाई भाचीच्या साखरपुड्याला देवळाली कॅम्पला गेलेल्या, त्यामुळे आज भाकरी, मेथी, वाटाणा-बटाट्याचा रस्सा, ठेचा, सगळं तिच्याच गळ्यात होतं. उजवं मनगट सकाळपासून ठणकत होतं. डॉक्टरांनी पट्टा बांधायला सांगितला होता आणि पट्टा बांधून भाकरी थापता येत नाही, हे डॉक्टरांना माहीत नव्हतं.

तिने जळकी भाकरी ज्ञानेशसाठी बाजूला ठेवली.

ज्ञानेश, तिचा नवरा, बाहेरच्या खोलीत उभा राहून भिंतीवरच्या चौकटीकडे बघत होता. सातपूरच्या कारखान्यात त्याने सगळी नोकरी मालाची तपासणी करण्यात घालवली होती आणि निवृत्त झाल्यापासून तो घरातल्या वस्तू तपासत असे.

"हे असं आरडाओरडा करून होत नसतं," तो म्हणाला. "पद्धतशीर जाऊ. हा बघा, इथे मूळ नमुना टांगलेला आहे. एकेक गोष्ट ताडून बघू."

चौकटीत गोफणवीराच्या पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ होतं. पिवळं पडलेलं, कोपऱ्यावर पाण्याचा डाग. अंगात बंडी, गुडघ्यापर्यंत खोचलेलं धोतर, नाकावरून पंचा बांधलेला आणि डोक्यावर गरगरणारी गोफण. समोर, डोंगराएवढ्या काळ्या ढगासारखा, टोळधाडींचा मालक टोळभैरव. ते पुस्तक एकेकाळी नाशिक जिल्ह्यातल्या एसटी स्टँडांवर आणि आठवडी बाजारांत चण्याफुटाण्यांसारखं खपायचं. गोफणवीराचा नेम असा की पळत्या जीपच्या चाकातली हवा सोडील, पण आत बसलेल्या माणसाला खरचटणार नाही. छापखाना बंद पडला तेव्हा तोही थांबला.

"पंचा," ज्ञानेश म्हणाला. "आपल्याकडे?"

"स्कार्फ आहे. गाडीवर पोरं बांधतात तसा."

"चालेल. तोंड झाकलं जाणं महत्त्वाचं. बंडी?"

"टोपीवाला टीशर्ट."

"हं. गोफण?"

"आहे."

"दगड?"

"आहे, बाबा."

"डोळे रागीट?"

"आहेत."

"मग माल बरोबर आहे," ज्ञानेशने निकाल दिला. "आबा, तपासणीत पास. तुमचं काय म्हणणं आहे?"

"तपासणी करणाऱ्याची तपासणी करायला हवी," आबा म्हणाले.

दीपक पुन्हा हसला. प्रतिभाने आतून तवा जरा जोरात आपटला.

कारण तिला चूक दिसत होती. आज नाही, दिवाळीतच दिसली होती. हर्षलने पहिलं चित्र दाखवलं, ते काळ्या चकचकीत कपड्यांचं आणि निळ्या उजेडाच्या गोफणीचं, तेव्हा फराळाची ताटली हातात घेऊन ती त्याच्या मागे उभी होती. एका नजरेत कळलं होतं. गोफण उजव्या हातात होती. भिंतीवरच्या गोफणवीराच्या ती डाव्या हातात होती. पहिल्या अंकापासून शेवटच्या अंकापर्यंत, प्रत्येक पानावर, डाव्याच हातात होती.

घोटीजवळच्या तिच्या गावात ती दुसरीत होती तेव्हा वर्गातल्या बाई तिचा डावा हात केसांच्या रिबिनीने बाकाला बांधून ठेवायच्या. उजव्या हाताने लिहायला यावं म्हणून. बाई वाईट नव्हत्या, त्या वेळी सगळेच तसं करत. रिबीनही तिचीच, लाल. त्याच वर्षी वडिलांनी इगतपुरीच्या स्टँडवरून गोफणवीराचा एक अंक आणला. ती तो ओसरीवर पालथी पडून वाचत होती आणि अचानक उठून बसली. डावा! ज्याला आख्खा जिल्हा घाबरतो तो डावा! त्या वर्षी भात पिवळं पडल्यावर पाखरं हाकायला ती शेतातल्या माळ्यावर गेली तेव्हा तिने बापाची गोफण डाव्या हातात घेतली. माळ्यावर बघायला कुणी नव्हतं.

पुढे उजव्याने लिहायला आलं, सुवाच्य आलं. लग्नाचं बघायला लागले तेव्हा घरात कुणीतरी म्हणालं, "स्थळ नाशिकचं आहे. ते गोफणवीरवाले सावळीराम गुरुजी, त्यांचा थोरला." प्रतिभाने मुलाच्या फोटोचं पाकीट न उघडताच मान डोलावली होती. ज्ञानेशला हे आजतागायत माहीत नव्हतं.

आणि मग या घरात आल्यावर पहिल्याच पंगतीत सासूबाई, सिंधुबाई, हळूच कानाशी म्हणाल्या होत्या, "उजव्या हाताने वाढ गं. माणसं जेवायला बसलीत." रागावल्या नव्हत्या. पाठीवरून हातही फिरवला होता. तेव्हापासून आजपर्यंत या घरात डाव्या हाताने एक पळी उचलली गेली नव्हती. सिंधुबाईंना जाऊन तीन वर्षं झाली तरी नाही.

आता उत्तर सांगायचं तर हे सगळं सांगावं लागलं असतं. निदान कुणीतरी विचारलं असतं, तुला बरं कळलं? आणि मुख्य म्हणजे तिला कुणी विचारलंच नव्हतं. कपड्यांबद्दल दीपकला विचारलं, तपासणीसाठी ज्ञानेश स्वतःच उभा राहिला, आरोहीचंही मत घेऊन झालं. "आई, भूक लागलीय" याखेरीज हर्षल तिच्याशी दिवसभरात काही बोलला नव्हता.

"बसा जेवायला," तिने बाहेर येऊन सांगितलं. "नापास झालेले, पास झालेले, सगळे."

पंगत बसली. आबांना खाली बसता येत नसल्यामुळे त्यांचं ताट स्टुलावर. प्रतिभा वाढू लागली. रश्शाचं पातेलं डाव्या हाताने कमरेशी धरायचं आणि ठणकत्या उजव्या हाताने पळी बुडवायची. प्रत्येक पळीला मनगटातून कळ कोपरापर्यंत जात होती.

जेवताना तह व्हायची शक्यता असते, तशी झालीही थोडी. दीपक पहिल्या दोन घासांतच फिरला. "मी काय म्हणतो, बूट राहू दे. पण त्याला फुलवाला कर. सकाळी झेंडूच्या जाळ्या भरायच्या, बाजारात न्यायच्या आणि मग गोफण. लोकांना आवडेल."

"मला चालेल," हर्षल म्हणाला.

"मला नाही चालणार," वेदिका म्हणाली. "गोष्ट मी लिहितेय. गोफणवीर रात्री पुलावर पहाऱ्याला असतो, जाळ्या कधी भरणार?"

"तुझा बाप कधी भरतो? पहाटे तीनला."

"आणि तो टोळभैरव?" ज्ञानेशने भाकरीचा जळका भाग शांतपणे खात विचारलं. "आता टोळ कुठे येतात?"

"तोच आता मोबाइलमधून येतो. मुलांच्या डोक्यात टोळधाड सोडतो. ते मी लिहिलंय."

"माझ्याकडे बघून का बोलते?" आरोही म्हणाली.

"मग गोफणीने मोबाइल फोडायचे?" दीपक म्हणाला. "आया खूश होतील."

सगळे हसले. हर्षलसुद्धा, बऱ्याच वेळाने. त्या हसण्याचा आधार घेऊन त्याने एक भाबडी चूक केली. तो आजोबांकडे वळला आणि लाडात म्हणाला, "आबा, आता म्हणा ना हो. एवढं सगळ्यांचं जमलंय."

आबांनी घास चावून संपवला. "सगळ्यांचं जमलं म्हणजे चित्र बरोबर होतं का रे?"

"मग चूक सांगा!"

"सांगितली तर तुझ्या हातातून ती कायमची जाईल. सापडली तर राहील."

"आबा, मी पाचवीत नाही!" हर्षलचा आवाज फुटला. "मी नोकरी सोडून आलोय. तुमच्यासाठी. संध्याकाळी त्या लोकांना काय सांगू, आजोबा कोडं घालतायत? ठेवा तुमचा गोफणवीर तुमच्यापाशी. मी नाव बदलतो. गोफण काढून टाकतो, पंचाही काढतो. माझा मी दुसरा करतो."

"हर्षल," ज्ञानेश म्हणाला.

"नाही बाबा. झालं आता."

तो ताटावरून उठला. अर्धी भाकरी तशीच. या घरात भरल्या ताटावरून कुणी उठलेलं कुणाला आठवत नव्हतं. आरोहीने मोबाइल पालथा ठेवला. दीपकने "अरे, अरे" म्हणून हात पुढे केला आणि मागे घेतला. आबांच्या हातातला घास हातातच राहिला. ते हट्टाने ताटाकडे बघत होते, पण त्यांची मान खाली गेली होती, आणि एवढ्या वर्षांत तिने ती अशी खाली गेलेली एकदाच पाहिली होती, सिंधुबाई गेल्या त्या दिवशी.

"खाली बस," प्रतिभा म्हणाली.

"आई, तू मध्ये पडू नकोस."

"मध्ये? मी सकाळपासून मध्येच उभी आहे! बस म्हटलं ना!" तिचा आवाज मागच्या बाकापर्यंत जायची सवय असलेला होता. हर्षल बसला. कारण नसताना दीपकही सरळ बसला. "आणि आबा, तुम्ही. तुमचं वय काय, याचं वय काय! पोराचं तोंड बघा जरा. चूक शोधायला लावायची असते, तोंडचा घास काढायला लावायचा नसतो. मीही शिकवते. वर्गाला उत्तर येत नसेल तर मास्तर नापास होतो, वर्ग नाही!"

सासऱ्यांशी ती या आवाजात कधी बोलली नव्हती. ज्ञानेश तिच्याकडे असा बघत होता, जणू कारखान्यातलं एखादं यंत्र अचानक बोलायला लागलं.

आबांनी हळूच मान वर केली. ते रागावले नव्हते.

"वर्गाला उत्तर येतंय, प्रतिभा," ते म्हणाले. "एकाला येतंय. दिवाळीपासून येतंय. पण हात वर होत नाही. मी वाट कुणाची बघतोय, असं वाटलं तुला?"

म्हणजे यांना माहीत होतं. कधीपासून? हे चित्रकलेचे मास्तर. सून म्हणून आल्यावरच्या पहिल्या दिवाळीत तिने पहाटे अंधारात अंगणात डाव्या हाताने रांगोळी काढली होती, कुणी उठलेलं नाही असं बघून, आणि ओसरीवर आबा चूळ भरत उभे होते. काही बोलले नव्हते.

म्हणजे इतके दिवस हा म्हातारा पोराला नापास करत होता ते पोराने चूक शोधावी म्हणून नाही, तिने तोंड उघडावं म्हणून! तिला इतका संताप आला की हसू की रडू ते कळेना. साधं सांगता येत नाही या माणसाला. साधं काही म्हणून सांगता येत नाही.

तिने पातेलं खाली ठेवलं. पळी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली आणि तो हात वर केला. रश्शाचे दोन थेंब ज्ञानेशच्या खांद्यावर पडले.

"बोल," आबा म्हणाले.

"गोफणवीर डावखुरा आहे, गुरुजी," प्रतिभा म्हणाली.

सहा माना एकदम भिंतीकडे वळल्या. मग हर्षलने धावत जाऊन टॅब आणला, चौकटीखाली धरला, आणि कपाळाला हात लावला.

"ए, खरंच की," दीपक म्हणाला. "जन्मापासून त्याच्याखाली बसतोय मी!"

"मोठे बाबा," वेदिका ज्ञानेशला म्हणाली, "माल तपासला होता म्हणे."

"हात आहे एवढं बघितलं होतं," ज्ञानेश पुटपुटला. "कुठला, ते नमुन्यात यायला हवं होतं."

"पण आबा, एवढंच?" हर्षलला विश्वास बसत नव्हता. "डावा-उजवा एवढंच?"

"एवढंच," आबा म्हणाले. "पहिल्या अंकाला मी त्याला उजवाच काढला होता. छापखान्यात चित्राचा ठसा उलटा बनला. अक्षरं वेगळी जुळवायचे, ती सरळ आली, चित्र तेवढं उलटं. मी डोकं धरून बसलो. पुस्तकं जाळायला निघालो होतो. तेवढ्यात वर्गातला मंगळू आला. त्याच्या डाव्या हातावर छडीचे वळ असायचे कायम. मीही मारलेत दोन-चार. म्हणाला, 'गुरुजी, ह्यो तर माझ्यावानी हाय.' आणि पुस्तक छातीशी धरून पळाला." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "दुसऱ्या अंकापासून मी मुद्दाम डावा काढला. बाकी काय घालायचं ते घाल त्याला. बूट घाल, टोपी घाल. मला काय करायचंय?"

हर्षलने टॅबवर बोट टेकवलं. एका क्षणात गोफणवीर आरशात गेल्यासारखा उलटा झाला. छापखान्यातला तो जुना अपघात, एवढाच.

"झालं," तो म्हणाला. "आता?"

आबांनी बघितलं. "पास."

"आबांनी केलं असेल. मी नाही केलं," प्रतिभा म्हणाली.

तिचं तिलाच नवल वाटलं. पण आता तोंड उघडलंच होतं. तिने टॅब ओढून घेतला. "हे काय आहे? दोन्ही दोऱ्या मुठीला गुंडाळल्यात. हा दगड जन्मात सुटायचा नाही. तू कधी गोफण मारलेली बघितलीस?"

"व्हिडिओ बघितले."

"व्हिडिओ!"

आबांच्या पलंगामागे खिळ्याला गोफण टांगलेली असायची. ती काढून, चप्पल न घालता, ती मागच्या दाराने बाहेर पडली. जाता जाता टोपलीतले चार बटाटे उचलले.

"अगं, बटाटे कशाला?" ज्ञानेश मागून म्हणाला.

"मग दगड वेचत बसू का आता?"

मागे दीपकचा झेंडू बांधापर्यंत पसरला होता आणि बांधाशी पाण्याचा निळा रिकामा ड्रम उभा होता. खरकटे हात तसेच घेऊन सगळे ओट्यावर आले. आबांची खुर्ची वेदिकाने ओढत आणली.

"हे बघ. एका दोरीला फास. तो मधल्या बोटात. दुसरीचं टोक नुसतं चिमटीत. चिमूट सोडायची, फास नाही. आणि डाव्याचा उजवा पाय पुढे." प्रतिभाने साडी खोचली. "बघतोयस ना? नीट बघ."

हर्षलने मोबाइल वर धरला. गोफण फिरली, एकदा, दोनदा, आणि बटाटा गेला तो थेट त्यांच्याच गच्चीवर.

"वहिनी, घर आपलंच हाय!" दीपक ओरडला.

"गप्प बसा हो भाऊजी!"

दुसरा बटाटा तिने हातात जोखला. जळकी भाकरी, मनगट, लाल रिबीन, "नीट बघा", पाच माणसांतल्या एकाच्याही नाकाला न आलेला वास, सगळं त्या चामड्याच्या खोळीत बसलं असावं. गोफण सुटली तेव्हा हवा फाटल्यासारखा आवाज झाला. झेंडूवरून काहीतरी तपकिरी सणसणत गेलं आणि ड्रम ढब्ब करून आडवा झाला.

मग आरोही म्हणाली, "मोठी आई, परत!"

"वेदू," हर्षल मोबाइलमध्ये डोकं घालून म्हणाला, "हे बघ, सोडताना मान कशी जाते. हे मी सात जन्मांत काढलं नसतं. संध्याकाळपर्यंत होतं माझं."

"तोंड झाकलेलंच असतं ना त्याचं?" वेदिका प्रतिभाकडे बघत हळूच म्हणाली. "मग आत कोण आहे ते कुणाला कळणार? मला चालेल हा गोफणवीर."

ज्ञानेश बायकोकडे बघत होता. "तू डावखुरी आहेस?"

"हो."

"आणि गोफणवीर वाचायचीस? लग्नाआधी?"

"त्याच्यावरूनच तर हो म्हटलं स्थळाला."

"म्हणजे मला बघून नाही?"

"तुम्हाला बघितलं होतं कुठे," ती गोफण गुंडाळत म्हणाली आणि आत गेली.

आत भाजी गार झाली होती. सगळे गुपचूप आपापल्या ताटांवर येऊन बसले. हर्षलने अर्धी राहिलेली भाकरी मोडली. आबांनी आपलं ताट स्टुलावरून उचलून पुढे केलं. उजव्या बाजूने नाही, तिला डाव्या हाताने सोपं जाईल अशा बाजूने.

"वाढ," ते म्हणाले. "ज्या हाताचा नेम लागतो त्या हाताने."

प्रतिभाने पातेलं उजव्या हातावर पेललं आणि पळी डाव्या हातात घेतली. डाव्या हाताला पळीची सवय राहिली नव्हती. थोडा रस्सा ताटाबाहेर सांडला. आबांनी तो भाकरीच्या तुकड्याने टिपून खाल्ला.